एका घरात एक सभासद

सिल्वासाच्या आमच्या क्वार्टरला दोनच खोल्या होत्या, आणि महिन्यातल्या एका रविवारी त्यातली बाहेरची खोली आमची नसायची. बाबा सकाळीच लोखंडी खाट उभी करून भिंतीला टेकवत, शेजारच्या हंसाबेनकडून दोन सतरंज्या मागून आणत आणि मला पाण्याचा माठ बाहेर आणून ठेवायला सांगत. दहा वाजायच्या आत दारात चपलांचा ढीग पडायचा. खडोली, नरोली, दादरा अशा गावांतल्या मराठी शाळांवरचे शिक्षक सायकलीवरून, कुणी कंपनीच्या टेम्पोतून, तर कुणी दोन बस बदलून यायचे. आले की एकमेकांना न भेटल्याला युगं लोटल्यासारखे मोठमोठ्यानं बोलायचे. शिक्षकांचे आवाज मुळातच खड्या गळ्याचे. शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय. त्या खोलीत दहाबारा जण एकदम बोलायला लागले की आमच्या फडताळातली काचेची बरणी बारीक किणकिणायची. आज मी स्वतः शिक्षिका म्हणून निवृत्त झाले आहे आणि माझ्या घरच्यांचं माझ्या आवाजाबद्दल तेच म्हणणं आहे.

या बैठका खरं तर प्रत्येकाच्या घरी आळीपाळीनं व्हायच्या असं ठरलेलं होतं. पण आमचं घर बसस्टँडला जवळ, आणि आमच्या घरी आईच्या हातचे घावणे. या दोन कारणांनी पाळी फिरून फिरून आमच्यावरच यायची. आई देवगडकडची. तिचा बिडाचा जड तवा लग्नात आलेला होता आणि तो ती कुणाला घासायलासुद्धा देत नसे. तांदळाचं पीठ पातळ कालवून ती ते उंचावरून तव्यावर सोडायची, तेव्हा होणारा चर्रर्र आवाज बाहेर ऐकू गेला की चाललेला वाद क्षणभर थांबायचा. बरोबर ओल्या नारळाची चटणी, आणि हंसाबेनला लहर आली तर ढोकळ्याचं एक ताट भिंतीवरून पलीकडून यायचं. "वहिनी, अप्रतिम!" असं बाहेरून कुणीतरी ओरडायचं. आई आतून "घ्या की अजून" म्हणायची. बैठकीतला तिचा सहभाग तेवढाच.

मंडळाचं नाव लांबलचक होतं, पण सगळे त्याला नुसतं मंडळ म्हणत. शिक्षकांची मोठी संघटना वेगळी होती. पगार, बदल्या, बढत्या यांची भांडणं तिथे चालत. बाबा तिचेही सभासद होते, पण वर्षाची पावती फाडली की तिकडे फिरकत नसत. मंडळात यातलं काहीही काढायचं नाही असा दंडक होता. इथे बोलायचं ते फक्त वर्गाबद्दल. बैठक सुरू झाली की फेरी व्हायची. प्रत्येकानं त्या महिन्यात आपल्या वर्गात घडलेली एक गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी तिच्यावर तुटून पडायचं. तुम्ही असं का केलंत, आमच्याकडे हे चालणार नाही, मुलाचं चुकलं नाही तुमचंच चुकलं, असं सगळं तोंडावर. अध्यक्ष वैद्य सर मूळचे मुंबईचे, वयानं सगळ्यांत मोठे. ते मध्येच हात वर करून "पुढे" म्हणत, की फेरी पुढे सरके.

आणि एक नियम फार कडक होता. ज्याच्यापुढे रोज वर्ग बसतो तोच मंडळाचा सभासद. मुख्याध्यापक झालात, ऑफिसात खुर्ची मिळाली, की मंडळातून निरोप. वैद्य सर म्हणत, साहेब लोक बसले की बाकीचे खरं बोलत नाहीत. निरोपाच्या दिवशी त्या माणसाच्या हातात नारळ द्यायचा. तो त्यानं सुरुवातीलाच नाही, बैठकीत सगळ्यांचं ऐकून झाल्यावर, स्वतःच्या हातानं उंबऱ्याबाहेर फोडायचा. नारळ फुटेपर्यंत तो सभासद, फुटल्यावर पाहुणा. मग व्हरांड्यात चहा पिऊन घरी. बढती मिळालेली माणसं नारळ हातात घेऊन तोंड पाडून बसलेली मी पाहिली आहेत. हल्ली माझ्या फोनवर शिक्षकांच्या संघटनांचे कितीतरी गट आहेत. बसल्या जागी बोट दाबलं की सभासद होता येतं आणि चहा गार व्हायच्या आत प्रमाणपत्र येतं. सोय आहे, मी नावं ठेवत नाही. पण तिथून बाहेर पडताना कुणी कधी रडल्याचं ऐकलं नाही.

आता माझी आई. तीसुद्धा शिक्षिका होती. खडोलीच्या मराठी शाळेत पहिलीचा वर्ग, वर्षानुवर्षं. बाबांची शाळा निराळी, त्यांचा वर्ग चौथीचा. तरी ती मंडळाची सभासद नव्हती, कारण एका घरात एक सभासद अशी रीत पडलेली होती. ती कुणी पाडली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मंडळ निघालं तेव्हा बहुधा घरटी एकच शिक्षक असेल, निरोप धाडायचा तो घरात एकदाच धाडत असतील, आणि त्याचाच पुढे नियम झाला असेल. त्यातून मोठी गंमत व्हायची. कुलकर्णीबाईंचे मिस्टर बँकेत, म्हणून कुलकर्णीबाई सतरंजीवर. माझी आई शिक्षकाची बायको, म्हणून ती तव्यापाशी. यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही दिसत नव्हतं. मला घावण्यांशी मतलब होता.

पण मी आत तिच्याजवळ बसायचे म्हणून मला एक माहीत होतं, जे बाहेर कुणाला माहीत नव्हतं. आई प्रत्येक फेरी ऐकायची. आवडीची गोष्ट आली की तव्यावरचं घावण काढायचंसुद्धा विसरायची. कुणाचं पटलं नाही की झारा हवेत धरून हळूच म्हणायची, "तसं नाय हो, तसं नाय." मग माझ्याकडे बघून, "मुलाला उभं कशाला केलंन सगळ्यांसमोर? आधी पाणी प्यायला पाठवायचं ना." उत्तर देऊन झालं की पुन्हा पीठ ढवळायची. कधी कधी हेच उत्तर रात्रीच्या जेवणात बाबांच्या कानावर पडायचं आणि पुढच्या बैठकीत बाबांच्या तोंडून बाहेर पडायचं. बाबा प्रामाणिकपणे "आमच्याकडे असं करतात" म्हणायचे. लोकांना वाटायचं, आमच्याकडे म्हणजे सरांच्या वर्गात. आईला त्याचा राग नव्हता. ती हसायची. पण एकदा हंसाबेन ढोकळ्याचं ताट द्यायला मागच्या दारानं आली, बाहेरचा गलका ऐकून थबकली आणि म्हणाली, "बेन, तमे पण टीचर छो ने? तो चूला पासे केम बेठा छो?" आईनं ताट घेतलं, टीचर असून चुलीपाशी का याला नुसतं "असंच" म्हणाली, आणि त्या दिवशी तिचे पहिले दोन घावणे करपले.

एका जूनमध्ये बाबा मुख्याध्यापक झाले. पेढे आले, नातेवाइकांची पत्रं आली, आणि बाबा मात्र घरात पाय ओढत फिरायला लागले. खुर्ची हवी होती, पण मंडळ सुटणार याचं दुःख खुर्चीहून मोठं होतं. जेवताना ते म्हणत, "एवढी वर्षं झाली गो. आता रविवारी करू काय मी?" आई म्हणे, "फणसाचं झाड लावा." बाबांना ही थट्टा आवडत नसे. मग एका संध्याकाळी ते शाळेत असताना आई परकरपोलक्याच्या जुन्या पेटीतून आपली बरी साडी काढत होती, आणि मला म्हणाली, "ह्यांचा नारळ फुटला की मी नाव देणार मंडळात. घरात मग कोणी सभासद नाही, अडचण नाही." मी विचारलं, बाबांना सांगितलंस? ती म्हणाली, "आधीच तोंड एवढंसं झालंय त्यांचं. नारळ फुटू दे, मग सांगते." तिच्या बोलण्यात घाई नव्हती, पण साडी तिनं पुन्हा आत ठेवली नाही. खुर्चीच्या पाठीवर घातली. तेव्हा मला कळलं की हिला हे फार दिवसांपासून हवं आहे.

निरोपाची बैठक आमच्याच घरी. बाबा नवा शर्ट घालून सतरंजीच्या टोकाला बसले, हातात शेंडीचा नारळ. आई बरी साडी नेसून तव्यापाशी. वैद्य सर दोन शब्द बोलले, कुलकर्णीबाई चार शब्द बोलल्या, आणि मग पवार सर उठले. पवार सर शिरपूरकडचे, नरोलीच्या शाळेवर होते. माणूस सोन्यासारखा, पण बोलायला लागला की पुढ्यात माइक नसल्याचं त्याला वाईट वाटे. ते म्हणाले, "मी सरळ सांगतो, सरांले जाऊ द्यायचं नाही. नियम आपणच केला ना? मग आपणच वाकवू. एवढा हिऱ्यासारखा माणूस, आणि नारळ देऊन घरी बसवता? तळेकर सर सभासद राहतील, कायमचे. बोला!" लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. वैद्य सरांनी हात वर केला, पण त्यांचाही चेहरा विरघळलेला होता. बाबांनी मान खाली घातली. पडद्याच्या फटीतून मला त्यांचे कान दिसत होते. ते आनंदानं लाल झाले होते.

मी आईकडे पाहिलं. तिनं झारा खाली ठेवला, गॅस बंद केला. हात धुतले नाहीत. पिठाचेच हात पदराला पुसत ती पडदा सारून बाहेर गेली आणि चपलांच्या ढिगाशेजारी उभी राहिली. बाहेरच्यांना वाटलं घावणे आले. वैद्य सर म्हणाले, "वहिनी, काही हवंय का?"

"हो," आई म्हणाली. "मला मंडळाची सभासद व्हायचंय."

पवार सर आधी सावरले. "वहिनी, असं काय म्हणता? मंडळ तुमच्या घरचंच ना हो!"

"घरचं आहे म्हणून तर इतकी वर्षं आत बसले, पवार सर."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. वैद्य सरांनी चष्मा काढला. "वहिनी, तुमचं म्हणणं रास्त आहे. पण आत्ताच सगळ्यांनी ठरवलं, तळेकर सर राहणार. आणि एका घरात एक..."

"ते माहितेय मला. म्हणून तर आत्ता आले. यांना ठेवायचं असेल तर ठेवा, मी जाते परत तव्यापाशी, भांडणार नाही. पण यांच्यापुढे आता वर्ग नाही. माझ्यापुढे आहे."

बाबांनी वर पाहिलं. मला त्यांचा चेहरा आजही आठवतो. त्यात राग नव्हता. ज्या घरात आपण राहतो त्यात एक खोली जास्त आहे हे आत्ताच कळलं, असं काहीतरी होतं. मला त्यांची दया आली आणि आईचीही आली, आणि कुणाच्या बाजूचं व्हावं ते कळेना. आईनं आपल्याला आधी सांगायला हवं होतं असं त्यांना वाटलं असणार. आणि ती का बोलली नाही हेही त्यांना कळलं असणार, कारण महिनाभर घरात दुसऱ्या कुणाच्या दुःखाला त्यांनी जागाच ठेवली नव्हती.

वैद्य सर म्हणाले, "आधी फेरी होऊ दे. मग बघू." हा त्यांचा नेहमीचा मार्ग. काही अडलं की फेरी. आई तिथेच दाराला टेकून उभी राहिली. आत जा असं तिला कुणी म्हटलं नाही आणि बस असंही म्हटलं नाही. एकेकाची गोष्ट झाली. कुलकर्णीबाईंच्या वर्गात एका मुलीनं नकाशात दमणगंगा उलटी वाहवली होती, त्यावर थोडा वादही झाला. मग पाळी बाबांवर आली.

बाबा खाकरले. ते मंडळातले सगळ्यांत रंगतदार बोलणारे. त्यांनी सुरुवात केली, "या महिन्यात आमच्या शाळेचे पत्रे गळायला लागले. मी वरती कळवलं. दोनदा माणूस पाठवला. मग वाटाण्याच्या पोत्याचा प्रश्न आला, स्वयंपाकीणबाई म्हणाल्या की..." ते थांबले. पुन्हा सुरुवात केली, "एक पालक आले होते, दाखल्यासाठी..." पुन्हा थांबले. सगळे वाट बघत होते. बाबांनी सतरंजीवरची एक सुरकुती तळहातानं सपाट केली आणि म्हणाले, "यातलं वर्गातलं काहीच नाही हो. मी महिनाभर वर्गात गेलोच नाही."

पवार सर म्हणायला लागले, "चालतं सर, त्यात काय..."

"नाही चालत, पवार. तुम्ही प्रेमापोटी म्हणता, पण नाही चालत." बाबा नारळ घेऊन उठले. "वैद्य सर, नारळ अजून फुटलेला नाही. म्हणजे मी अजून सभासद आहे. नव्या माणसाला सूचक लागतो ना? आमच्या हिच्यासाठी सूचक म्हणून माझं नाव घ्या." मग आईजवळून जाताना तिच्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाले, "मला सांगायचंस तरी." आणि उंबऱ्याबाहेर जाऊन दगडावर एका घावात त्यांनी नारळ फोडला. पाणी हंसाबेनच्या तुळशीपर्यंत उडालं.

पुढची पाच मिनिटं गोंधळाची गेली. कुलकर्णीबाईंनी आईला हाताला धरून सतरंजीवर आपल्याशेजारी बसवलं. वैद्य सरांनी विचारलं, कुणाची हरकत? कुणाची नव्हती. बाबा नारळाची भकलं घेऊन मागच्या दारानं स्वयंपाकघरात आले, माझ्याकडे बघून म्हणाले, "पीठ कुठेय?" आणि आईचा बिडाचा तवा त्यांनी जन्मात पहिल्यांदा तापवला. त्यांचं पहिलं घावण तव्याला असं चिकटलं की ते आम्ही खरवडून खाल्लं. मी हसून हसून बेजार झाले. बाबाही हसले, डोळे पुसत हसले. बाहेरून वैद्य सरांचा आवाज आला, "पुढे. तळेकरबाई, तुमची गोष्ट." बाबांनी मला गप्प राहायची खूण केली, झारा तसाच हातात धरून पडद्याला कान लावला.

आईचा गोष्ट सांगतानाचा आवाज त्या खोलीत कुणी ऐकलाच नव्हता. तो मोठा नव्हता. तिनं सांगितलं की तिच्या वर्गात नंदुरबारकडचा एक मुलगा आहे. वडील धाग्याच्या कंपनीत, भाड्याच्या एका खोलीत पाच माणसं. हा मुलगा कधी मोठ्यानं बोलायचा नाही. ओठ हलायचे, आवाज नाही. आधीच्या शाळेतल्या बाईंनी शेरा दिला होता, मूल मंद आहे. "मी एकदा त्यांच्या खोलीवर गेले. वडील नाइट करून झोपलेले. आई भाकऱ्या थापत होती, ती पण आवाज न करता. थाप नाही वाजू दिली तिनं भाकरीची. पोरं खुणांनी भांडत होती. मला कळलं, ह्याच्या घरी मोठ्यानं बोलायचंच नसतं. बाप झोपलाय." आई पुढे सांगत गेली. "मग दुसऱ्या दिवशी मी वर्गाला म्हटलं, आज सगळ्यांनी कुजबुजत वाचायचं. आपला सगळ्यांचा बाप झोपलाय असं समजा. मुलांना मजा वाटली. पण कोणाला जमेना हो, हसू यायचं, आवाज फुटायचा. एकटा तोच. धडाधडा वाचत गेला, धडा संपेपर्यंत. पहिलीतलं पोर, एवढं वाचता येत होतं त्याला. आम्ही कोणी ऐकलंच नव्हतं. आता आठवड्यातून एकदा आमचा कुजबुजीचा तास असतो आणि तास तो घेतो."

कुलकर्णीबाईंनी नाक ओढल्याचं मला ऐकू आलं. वैद्य सर हळूच "वा" म्हणाले, आणखी एकदोघे "वा" म्हणाले. आई खाली बघत होती. पडद्याच्या फटीतून तिचा चेहरा दिसत होता आणि तो मला थोडा पडलेला वाटला. घावण्यांना मिळायची तीच ही वाहवा. आणि तेवढ्यात पवार सरांनी मांडी बदलली.

"बाई, मले हे नाही पटत," ते म्हणाले. "चुकतंय तुमचं. उद्या साहेब तपासणीले आले, तर त्यांच्यापुढे कुजबुजेल का तो? मोठ्यानं वाचता आलंच पाहिजे पोराले. तुम्ही त्याचं घर शाळेत आणून ठेवलं. शाळा कशासाठी असते मग? एक तरी जागा अशी पाहिजे ना, जिथे बाप झोपलेला नाही!"

माझ्या शेजारी बाबा ताठ झाले. बाहेर धावून जाणार असं वाटलं मला. पण आईनं मान वर केली. गाल लाल झाले होते, डोळे चमकत होते, आणि त्या खोलीत इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. पीठ वाळलेल्या हातांनी तिनं पदर खोचला, सतरंजीवर चांगली पुढे सरकून बसली.

"थांबा, पवार सर," ती म्हणाली. "तुम्ही बोललात, आता मी बोलते."